मिठाशी भांडण

ताई, तुझ्या पायांवर इथूनच डोकं ठेवते.

गेल्या आठवड्यात एका सकाळी भांडी घासून, धुणं वाळत घालून मी कांद्याच्या गोल चकत्या कापायला बसले. कॅन्टीनच्या मालकीणबाई माझ्या खोलीवर चव बघायला येणार होत्या. पसंत पडलं तर नोकरी, नाहीतर गाशा गुंडाळून तुझ्या दारात.

पुस्तकात वाचल्याप्रमाणे चकत्या पिठात बुडवून तळल्या. कुरकुरीत झाल्या. बाईंनी एक खाल्ली, दुसरी खाल्ली आणि म्हणाल्या, "मावशी, मिठाशी भांडण झालंय का?"

आमच्या यांच्या ब्लडप्रेशरपायी नऊ वर्षं मी तळणात मीठ घातलं नाही. तळलेलं मात्र हवंच, हा त्यांचा हट्ट! ते जाऊन दोन वर्षं झाली, तरी मी अजून तसंच अळणी खाते, हे मलाच ठाऊक नव्हतं.

बाईंना खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या यजमानांचं पथ्य माझ्या तीनशे गिऱ्हाइकांना कशाला? उद्या पुन्हा करा."

सोमवारपासून कामावर जाते आहे, तेव्हा काळजी नको. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजी गोळ्या वेळेवर घेतात ना?

त्या दुसऱ्या दिवशी मी मनातल्या मनात यांची परवानगी घेतली आणि मगच पिठात मीठ घातलं.

तुझीच,
धाकटी