चार आकड्यांमागचं घर

९ फेब्रुवारी

भिंगरीचा मेल आला! तेवीस दिवसांनी. ऑफिसात, सकाळी अकराला, कानाशी एक ग्राहक ‘नेट चालत नाही, नेट चालत नाही’ म्हणून ओरडत असताना. चार ओळी. ‘आत्या, मी ठीक आहे. वेळेवर जेवते, झोपते. बाबांना काही सांगू नकोस. मला शोधू नका.’ बस्स. कुठे आहे, कुणाबरोबर आहे — एक अक्षर नाही.

बाथरूममध्ये जाऊन रडले. तोंड धुतलं. परत येऊन त्या माणसाचं नेट सुरू करून दिलं.

घरी आल्यावर आईला वाचून दाखवलं. अंथरुणावरूनच म्हणाली, ‘ठीक आहे म्हणते ना? मग झालं तर.’ आणि भिंतीकडे वळली. एकोणीस वर्षांची नात घर सोडून गेलीय आणि ही अशी! वय झालं की माणसाच्या काळजाचं काय होतं कुणास ठाऊक.

१० फेब्रुवारी

दादाला सांगणार नव्हते. सांगितलं. दारात उभा राहून त्याने नुसतं ‘काही कळलं का गं?’ विचारलं, माझ्याकडे बघितलं — संपलं. लहानपणापासून त्याला माझा चेहरा वाचता येतो.

मेल तीनदा वाचला. म्हणाला, ‘वेळेवर जेवते म्हणे! माझ्याकडे दहा हाका माराव्या लागायच्या.’ हसायला गेला आणि हुंदका आला. सत्तावन्न वर्षांचा माझा थोरला भाऊ, मिशा ओल्या झालेल्या.

वहिनी निघून गेली तेव्हाही तो याच खुर्चीत बसला होता. अकरा वर्षं झाली. भिंगरी तेव्हा आठ वर्षांची. एकट्याने वाढवली त्याने तिला. वेण्या घालायला शिकला. पहिल्या वेण्या एक वर, एक खाली — सगळी शाळा हसली होती.

१३ फेब्रुवारी

नवीन काम. सरकारने सगळ्या इंटरनेट कंपन्यांना मत विचारलंय — आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटच्या जोडणीला मिळणारा नंबर, ही माणसाची खाजगी माहिती धरायची की नाही? साहेब म्हणाले, ‘मॅडम, बावीस वर्षं तक्रार विभागात आहात. तुमच्याइतकं कुणाला माहीत? दोन पानं लिहा. खाजगी नाही म्हणून लिहा. खाजगी ठरलं तर प्रत्येक आकड्यामागे परवानग्या, नोंदी... जीव जाईल आपला.’

वकीलबाई तिथेच बसल्या होत्या. कंपनीच्या कायद्याचं त्याच बघतात. म्हणाल्या, ‘नंबर एकटा मुका असतो, साहेब. पण आपल्या ग्राहकांच्या यादीशेजारी ठेवला की बोलायला लागतो. आणि यादी आपल्याकडेच आहे.’

साहेब हसले. ‘अहो, आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. चार आकडे आणि तीन टिंबं. त्यात कसली आलीय अब्रू?’

मला साहेबांचं पटलं. खरंच पटलं.

१६ फेब्रुवारी

दोन पानं लिहून दिली. ‘या आकड्यांवरून कोणत्याही व्यक्तीचा ठाव लागत नाही.’ साहेब खूश. ‘एकदम मुद्द्याचं!’

१७ फेब्रुवारी

आज काय केलं ते इथे तरी खरं लिहिते.

भिंगरीचं मेलचं खातं मीच उघडून दिलं होतं, आमच्याच कंपनीचं. अशा मेलच्या पोटात तो कुठून निघाला त्याचा आयपी असतो. सगळ्यांना दिसत नाही, बघायचं कसं ते माहीत असावं लागतं. मला माहीत आहे. आठ दिवस बघितला नव्हता. आज जेवणाच्या सुट्टीत बघितला. पहिले दोन आकडे वाचूनच कळलं — आमचंच कनेक्शन!

आता त्या वेळी तो नंबर कुठल्या ग्राहकाकडे होता, एवढंच बघायचं. तक्रार असल्याशिवाय बघता येत नाही. मी तक्रार तयार केली. ‘नेट मंद चालते.’ ग्राहकाचं म्हणून कुठलंतरी नाव टाकलं.

पडद्यावर एका बाईंचं नाव आलं. वय एकाहत्तर. गाव इथून बसने सहा तास. चष्म्याच्या दुकानावर, तिसरा मजला. नाव कधी ऐकलेलं नाही. घरमालकीण असणार, मुलींना खोल्या देत असेल. जीव भांड्यात पडला. कुणा टोळभैरवाबरोबर नाही गेली पोर.

बावीस वर्षांत खोटी तक्रार ही पहिली. दोन मिनिटांत झाली, हेच जास्त लागलं.

१८ फेब्रुवारी

कुणाला सांगणार नाही. मला कळलं, पुरे.

१९ फेब्रुवारी

दादा आला होता. पाच किलोने उतरलाय. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल. चहा घेतला नाही. म्हणाला, ‘तू तिथे काम करतेस. तुला शोधता येतं. येतं ना?’

मी म्हटलं, ‘नियम आहेत, दादा.’

‘मी काय परका आहे? बाप आहे मी तिचा.’ मग हळू आवाजात — ‘लांबून बघेन. समोरच्या फुटपाथवर उभा राहीन. जिवंत आहे एवढं दिसलं की परत येईन. तुझी शप्पथ.’

दहावीच्या परीक्षेला मला ताप होता, तेव्हा डबलसीट नेऊन पेपर संपेपर्यंत गेटबाहेर उन्हात उभा राहिला होता हा माणूस. त्याला नाही म्हणायला मी कधी शिकलेच नाही.

पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. आईला काही बोलले नाही, उगाच तिच्या डोक्याला ताप.

२० फेब्रुवारी

सकाळच्या बसने गेला. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून.

२१ फेब्रुवारी

फोन नाही.

२२ फेब्रुवारी

भिंगरीचा फोन आला. हॉस्पिटलमधून. पहिलं वाक्य — ‘आत्या, आईचा पत्ता तू दिलास?’

मला कळेचना. कुणाची आई? म्हटलं, ‘आजी इथेच आहे गं, झोपलीय.’

‘माझी आई!’

ती वहिनीकडे गेली होती. वहिनी तिथे राहत होती, अकरा वर्षं, त्या म्हाताऱ्या बाईंच्या घरात. दोघींना एकमेकींचा आधार. कनेक्शन बाईंच्या नावावर. चार आकड्यांमागे एक घर असतं आणि घरात किती माणसं लपलेली असतात ते यादीत कुठे लिहिलेलं असतं?

दादा फुटपाथवर थांबला नाही. वर गेला, बेल वाजवली. दार वहिनीने उघडलं. ती तिथे आहे हे त्यालाही माहीत नव्हतं. भिंगरी म्हणाली, आधी तो हसला. ‘अच्छा! इथे होय?’ मग आत येऊन भिंगरीचा दंड धरला आणि ओढत जिन्याकडे नेलं. वहिनी मध्ये पडली. तिला ढकललं. अख्खा जिना गडगडत खाली गेली ती.

कंबरेचं हाड मोडलंय. उजवं मनगटही. वहिनी दातांच्या कवळ्या बनवायचं काम करते — मला आज कळलं. मेणात एकेक दात बसवायचा असतो. उजव्या हाताने.

भिंगरी रडत नव्हती. म्हणाली, ‘तुला आठवतं ना आत्या, आईचा हात आधी पण मोडला होता? आठवतं ना?’ आणि फोन ठेवला.

आईने सगळं ऐकलं. 

२३ फेब्रुवारी

आठवतं. डावा हात. प्लॅस्टर मीच बघितलं होतं. वहिनी म्हणाली, ‘पाय घसरला.’ आणि माझ्याकडे बघत राहिली, मी काही विचारीन म्हणून. मी म्हटलं, ‘जपून चालत जा गं.’ मग विषय बदलला. पडद्यांच्या कापडाचं काहीतरी बोलले.

भिंगरी का गेली हे तेवीस दिवस सगळ्यांना विचारत होते. मुलं हल्लीची, मोबाईल, मैत्रिणी... दादाच्या हाताचं नाव एकदाही माझ्या तोंडी आलं नाही.

२४ फेब्रुवारी

आई माझ्या हातून पाणीसुद्धा घेत नाही. शेजारच्या नर्सबाई येऊन पाजून गेल्या. मुलाला पोलिसांनी धरलं त्याचा धक्का असेल.

२६ फेब्रुवारी

वकीलबाईंना सगळं सांगितलं. खोट्या तक्रारीसकट. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘तुमची चौकशी होईल, ताई. नोकरीही जाईल कदाचित.’

‘जाऊ दे. वहिनीला, भिंगरीला काही न्याय मिळेल का?’

‘त्यांनी आपल्याकडे रीतसर तक्रार केली तर.’ त्यांनी फॉर्म काढला. वाचता वाचता थांबल्या. मग माझ्यापुढे सरकवला. पहिलाच रकाना — तक्रारदाराचा सध्याचा पत्ता.

मी फॉर्म उलटा करून ठेवला.

२८ फेब्रुवारी

दादा सुटला. संध्याकाळी दारावर. मी दार उघडलं नाही. बाहेरून बोलत होता, ‘स्वतःच्या बायकोला, मुलीला भेटायला गेलो. गुन्हा केला? तिचा पाय सटकला, त्याला मी काय करू? अगं, तू माझी बहीण आहेस ना?’

कडीवर हात ठेवून उभी होते. आतून आईने विचारलं, ‘उघडलंस?’

‘नाही.’

गेला तो. जिन्यात त्याचा खोकला ऐकू आला. तेव्हाही वाटलं, याला पाणी द्यायला हवं होतं! कसली आहे मी.

३ मार्च

निलंबनाचं पत्र. साहेब म्हणाले, ‘तुम्ही असं कराल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.’ मी म्हटलं, ‘माझी दोन पानं तेवढी परत घ्या. चुकीची आहेत.’

‘ती कधीच गेली, मॅडम. छान होती. साहेबलोकांना आवडली वर.’

बावीस वर्षांचं सामान एका पिशवीत मावलं. कप, शाल, हेडफोनची जुनी जोडी.

६ मार्च

हॉस्पिटलला फोन केला. त्या दोघी कालच गेल्या. कुठे? ‘ते सांगता येत नाही,’ पलीकडची मुलगी म्हणाली. ‘मी आत्या आहे तिची,’ म्हटलं. ‘हो, पण सांगता येत नाही.’ आवाजावरून फार तर पंचविशीची असेल. शहाणी आहे.

घरमालकीणबाई एकट्याच राहिल्या. एकाहत्तर वर्षांच्या. त्यांचं तर नावही मला माहीत व्हायला नको होतं.

११ मार्च

सरकारला साध्या माणसांनीही मत कळवलं तर चालतं. काल रात्री लिहायचं ठरवलं, आज दिवसभर लिहिलं. चार वेळा फाडलं. कलमं नाहीत, आकडेवारी नाही. मी कोण, मी काय बघितलं, चिठ्ठीवर काय लिहिलं, जिना किती पायऱ्यांचा होता. एकोणीस. पोलिसांच्या कागदात आहे.

कुणाचं नाव, गाव घातलं नाही. खाली फक्त माझं नाव — आणि माझा पूर्ण पत्ता.

पोस्टाच्या पेटीत टाकून आले. बरं वाटेल असं वाटलं होतं.

१९ मार्च

सकाळी आईचं अंग पुसत होते. एकदम म्हणाली, ‘पोचल्या दोघी. नवी जागा बरी आहे. तिचं हाड जुळतंय.’

माझा हात थांबला. ‘तुला कुणी सांगितलं?’

निरोप नर्सबाईंच्या फोनवर आला होता. भिंगरीला तिच्या आईकडे आजीनेच पाठवलं होतं! वहिनीचा फोन दर महिन्याला यायचा, मी कामावर असताना. अकरा वर्षं. पत्ता कुठेही लिहून ठेवलेला नाही. मलासुद्धा कधी कळू दिला नाही.

‘आता कुठे आहेत, आई?’

तिने माझ्याकडे बघितलं.  रागाने नाही.

मग म्हणाली, ‘पाठ राहिलीय पुसायची.’ आणि कुशीवर वळली.