हंडाभर पाण्याचा सिद्धांत

१४ ऑक्टोबर १९४४, नगर
पहिला दिवाळसण. इंदूच्या माहेरी पोचलो. सासरे दत्तोपंत हायस्कूल कमिटीचे अध्यक्ष. सायन्स मास्तरची जागा रिकामी. मी बी.एस्सी. (दुसऱ्या खेपेस). विषय आपणहून काढायचा नाही. हुशारी लपत नसते.

१५ ऑक्टोबर
संधी चालून आली! लढाईमुळे सरपण मिळेना, आणि इथे प्रत्येकाच्या आंघोळीला चुलीवर वेगळं तपेलं. शुद्ध अडाणीपणा! सासऱ्यांना समजावलं, चूल तीच, जाळ तोच. मग तपेलंभर तापवा की हंडाभर, वेळ तेवढाच. उद्या अभ्यंगस्नानाला सगळ्यांचं पाणी एकदम! ते नुसतं हूं म्हणाले. प्रभावित झाले असावेत.

इंदू म्हणते, अहो, कपभर चहाला आधण चटकन येतं, मग पुरणाला का नाही? म्हटलं, त्यात डाळ असते.

१६ ऑक्टोबर, नरकचतुर्दशी, पहाट
माळ्यावरचा लग्नातला हंडा चढवला. मंडळी तेल-उटणं चोपडून पाटांवर. सूर्योदयाआधी न्हायचं, नाहीतर थेट नरक, असं सासूबाईंनी पुन्हा बजावलं.

जरा वेळाने
बोट घातलं. गार. हंड्याला बऱ्याच दिवसांत सवय नाही.

आणखी जरा वेळाने
कोमट! पण पुरेल का, अशी शंका आली. दोन घागरी आणखी ओतल्या. वेळ काय, तेवढाच. सासूबाई म्हणाल्या, यांच्यापुरतं तरी तपेल्यात तापवू द्या. म्हटलं, प्रयोगात ढवळाढवळ नको.

उजाडल्यावर
सासरे कुडकुडत गार पाण्यानेच न्हाले. अंगठ्याखाली कारीट फोडलं ते माझ्याकडे बघत.

दुपार
हंडा खळखळ उकळला! म्हणजे सिद्धांत बरोबर. फक्त न्हायचं कोणी उरलं नव्हतं. लक्ष्मीपूजनाच्या नैवेद्याला सरपणही नाही. शेजारून आणलं.

१७ ऑक्टोबर
सासऱ्यांना सटासट शिंका. हवा बदलली की होतं. इंदू बोलत नाही. तीही हवाच.

१८ ऑक्टोबर, पाडवा
सासऱ्यांनी बोलावून घेतलं. नोकरी दिली! इतिहासाची. सायन्सचं विचारलं. म्हणाले, इतिहासात जे व्हायचं ते होऊन गेलंय, जावईबापूंच्या हातून आता काही बिघडायचं नाही. इंदू तोंडाला पदर लावून आत पळाली. तिच्या मनाला फार लागलं असावं. हो म्हणालो.