दारापासून खुर्चीपर्यंत

प्रिय भोवऱ्या,

एका घरात राहून आईला पत्र लिहायची काय हौस आली, असं म्हणशील. म्हण बापडा. तोंडावर सांगायला गेले की तू, आई उगाच काहीतरी मनात घेते, असं म्हणून पळतोस. आणि मला कुणी मधेच तोडलं की माझं बोलणं कुठल्या कुठे जातं, हे काय मी तुला सांगायला हवं? तेव्हा बस एका जागी आणि शेवटपर्यंत वाच. गोष्ट तुझ्या पायाची आहे.

गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून डॉक्टरांनी तुला गोळ्या देऊन घरी पाठवलं. लंगडणं मात्र आहे तसंच आहे. गेल्या महिन्यापर्यंत दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढणारा मुलगा तू, आता कठडा धरून चढतोस. सगळे म्हणतात, शनिवारी प्रयोग आहे, तालमीचा ताण आलाय. मी मान डोलावते आणि मिठाची गुळणी धरून बसते. खरं कारण मला माहीत आहे.

बाबांची याच नाटकातली शेवटची एंट्री तू विंगेतून शंभरदा पाहिली असशील. म्हातारा दारातून येतो, अंधाऱ्या रंगमंचावरून खुर्चीपर्यंत चालत जातो, आणि जिथे पाऊल टाकतो तिथेच दिवा लागतो. असे सात दिवे. ते मी लाइट बोर्डावर एकमेकांना जोडून ठेवलेत. बटण एकदाच दाबायचं, पहिला लागला की पुढचे सहा आपोआप. कुठला किती सेकंदांत उजळायचा, किती वेळ थांबायचा, किती सेकंदांत विझायचा, सगळं मी भरलेलं. बाबांचा डावा गुडघा बिघडत गेला तसे मी ते आकडे दर आठवड्याला बदलत गेले. इथे अर्धा सेकंद, तिथे पाऊण. तिसऱ्या दिव्याखाली ते दम खायचे, तिथे चार सेकंद. लोक म्हणायचे, काय अभिनय आहे! अभिनय कसला डोंबलाचा, गुडघा ठणकत असायचा. तेहतीस वर्षांच्या संसारात त्या माणसानं मला कधी, दुखतंय गं, असं म्हटलं नाही. मला ते सेकंदांवरून कळायचं.

ते गेले आणि चार महिन्यांनी भूमिका तुझ्याकडे आली. दिग्दर्शकांनी मला सांगितलं की मुलाच्या चालीप्रमाणे वेळ नव्यानं भरा. मी बरं म्हटलं. बोर्डासमोर बसले, फाइलला तुझं नाव दिलं आणि सेव्ह केली. आत आकडे जुनेच. एकही बदलला नाही. हात धजावला नाही रे. त्या आकड्यांत ते अजून चालत होते.

पहिल्या तालमीला तू दिव्याच्या पुढे निघून गेलास, अंधारात. दिग्दर्शक सगळ्यांसमोर ओरडले की ज्याला आपला प्रकाश सापडत नाही तो नट कसला. तू वर माझ्या लाइटच्या खोलीच्या काचेकडे पाहिलंस. आणि मी, तुझी सख्खी आई, बोर्ड बरोबर आहे, असं सांगून मोकळी झाले. एकदा नाही, पाच दिवस. भूमिका काढून घ्यायची भाषा झाली तरी माझं तोंड उघडलं नाही. सहाव्या दिवशी तू हळू चालायला लागलास. आठव्या दिवशी सातही दिवे तुझ्या पावलांवर पडले. रंगभूषाकाका ब्रश हातात तसाच धरून विंगेत उभे राहिले, त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी काचेमागे ढसाढसा रडले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता.

सोमवारी संध्याकाळी मी भांडी विसळत होते. जिन्यावर एक पाऊल वाजलं, मग एक फरपटलं, मग सगळं थांबलं. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, अहो, आलात का. जिन्यातून उत्तर आलं, हो, जरा दम खातो. आणि दार ढकलून तू आत आलास. तुला विचारलं तर तू शपथेवर सांगितलंस की तू जिन्यात काही बोललाच नाहीस.

बुधवारी मी पारखून पाहिलं. दुसरा दिवा पेटला आणि तिसरा लागायच्या आत मी थांबवायचं बटण दाबून सगळं मधेच रोखून धरलं. तुझी पाठ माझ्याकडे होती, पाऊल उचललेलं होतं. ते तसंच राहिलं. मी घड्याळ पाहत होते. दहा सेकंद, वीस, चाळीस. पाय हलला नाही, खांदा हलला नाही, श्वास चालू होता की नाही ते दिसेना. बोट उचललं, दिवा लागला, पाऊल पडलं. दिग्दर्शक खूश, म्हणाले हे ठेवाच. मी नंतर तुला गाठलं तर तू माझ्याकडेच वेड्यासारखा बघायला लागलास. तुझ्या मते तू कुठे थांबलाच नव्हतास.

चूक तुझी कधीच नव्हती, राजा. मला तुझे बाबा हवे होते आणि त्यांच्यासाठी मी तुला वापरून घेतलं. लाज वाटते मला. आज दुपारी मी ते सातही दिवे बोर्डातून पुसले. पुसून झाल्यावर दारातला पहिला दिवा एकदा आपोआप लागला, सावकाश, त्यांच्या वेळेनं. मी वीज तोडली आणि घरी आले, आणि तेव्हापासून हे लिहिते आहे. उद्या सकाळी सगळ्यांच्या आधी थिएटरवर ये. बोर्ड कोरा आहे. तू दारातून नीघ आणि तुझ्या पायांनी सरळ खुर्चीकडे चाल. मी वरून पाहीन, तुझं पाऊल पडेल तिथे माझ्या हातानं दिवा लावीन आणि तुझे सेकंद नव्यानं लिहून घेईन. पुढे काळोख असेल, घाबरू नकोस. फक्त वाटेत कुणी थांब म्हणालं तर थांबू नकोस. आवाज बाबांचा असला तरी.

तुझीच,
आई