बोटांची चुगली

सुमे, सगळ्यात आधी आला तो निनाद, आपल्या मितालीच्या खारघरच्या कॉलेजातला. काखेत खोकं होतं, म्हणून मला वाटलं गीझरवाला, नि मी सरळ न्हाणीघर दाखवलं. तोही बिचारा आत जाऊन हात धुऊन आला. (आशीर्वाद लिहायचे राहिले, ते घे. गुडघा कसा आहे? तिकडे आपटा गावात थंडी पडली का?)

मागून मिताली आली नि माझ्या कानात ओरडली, आजी, तुझ्या बोटांवर प्रयोग करायचाय. ओरडली कारण मी बहिरी. म्हणजे होते. कानातला मळ डॉक्टरने गणपतीतच काढला, आता मला पाल चुकचुकलेलीसुद्धा ऐकू येते, पण घरात सांगायचं राहून गेलं. बहिऱ्यासमोर माणसं किती मोकळी बोलतात गं.

तर दोन बोटांना पट्ट्या बांधल्या, कानांवर आवाज ऐकवायचे डबे चढवले, मी बहिरी म्हणून आवाज पूर्ण मोठा. माणूस दचकला की बोटांना दिसणारही नाही इतका घाम येतो, त्यातून वीज सोपी पळते नि कॉम्प्युटरवर रेघ उडते. पहिलं टूं झालं, रेघ बेडकासारखी उडाली. दुसऱ्याला निम्मी. आठव्या टूंला ढिम्म. हाताला सवय झाली म्हणे. (यासाठी कॉलेज कशाला? तुझे भावोजी जन्मभर "चहा" म्हणून ओरडले, माझी रेघ दुसऱ्या वर्षापासून आडवी.) मग त्याने घंटी वाजवली, तर पुन्हा उडी. नवा आवाज आला की हात जागा होतो.

इथवर ठीक होतं. मग सगळं शांत असताना एक डबा अंबाड्यावर घसरला, आणि स्वयंपाकघरात शोभा कमलाकरला कुजबुजली, "विमानात आईंना खिडकीचीच जागा घेतलीत ना?"

सुमे, रेघ कॉम्प्युटरबाहेर जायची तेवढी बाकी होती. निनाद म्हणाला, "मी तर काही वाजवलंच नाही." मिताली रेघेकडे बघते, स्वयंपाकघराकडे बघते, माझ्याकडे बघते. मी म्हटलं, "काय म्हणालास? मोठ्याने बोल बाळा."

माझ्या पंचाहत्तरीचं गुपित आहे ते, मुलगा-सून महिनाभर जपताहेत. मला कळलंय हे कळलं तर त्यांचा केवढा हिरमोड. शिवाय शोभा आठवत बसेल, गणपतीपासून माझ्यासमोर काय काय बोलली.

तुझी वेणूताई

ता. क. फोन करू नकोस, मी बहिरी आहे.

ता. क. विमानात तुझंही नाव आहे, पुढच्या कुजबुजीत कळलं. कमलाकर सांगायला येईल, तोवर दचकायची तालीम करून ठेव.

ता. क. खरं काम हे, की तुझ्या यजमानांची दाढीची तुरटी लगेच पाठव. बोटांना चोळली की घाम सुटत नाही. इथे मागितली तर शोभा विचारेल कशाला, आणि मला ते ऐकू येईल. निनाद म्हणतो यंत्र बिघडलंय, मिताली मात्र माझ्या कानांकडे बघते. गुरुवारी दोघं पुन्हा पट्ट्या बांधणार आहेत.