चौथा म्हणून घेतलेला दगड

२० डिसेंबर, कणकुंबी

पोचलो एकदाचे! बेळगावहून बसने जांबोटीपर्यंत बरं आणलं आणि पुढच्या वळणांवर पोटातला नाश्ता पार घुसळून काढला. साईराज खिडकीला डोकं टेकून घोरत होता. लग्नाला वर्ष होत आलं, तरी हा माणूस कुठेही, कसाही झोपू शकतो याचं मला अजून नवल वाटतं.

उद्यापासून आठ दिवस चालायचं. घाटमाथा धरून, चोर्ल्याच्या अंगाने, तिलारीवरून थेट चंदगडपर्यंत. वनखात्याची परवानगी खिशात आहे, तंबू पाठीवर आहे. लग्नाचा पहिला वाढदिवस पंचवीस तारखेला वाटेतच कुठेतरी येईल. लोक त्यासाठी महाबळेश्वरला जातात, पण आम्ही लोकांसारखं वागलो असतो तर लग्नच झालं नसतं. मी वडगावच्या विणकराची मुलगी, तो जांबोटीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. दोन्ही घरांनी वर्षभर तोंडं फिरवली आणि आमच्यातलं कोण आधी माघारी येतं याची वाट बघत बसली. बसू देत.

सासूबाईंनी, म्हणजे रुक्माबाईंनी, मात्र काल मला दारातच गाठलं. श्रावणात साईराजला निमोनिया झाला होता, आठवडाभर ऑक्सिजनवर होता. डॉक्टर आता ठणठणीत म्हणतात, पण आईचा जीव. एवढ्या थंडीत रानात कशाला, म्हणाल्या. मग वर्षात पहिल्यांदाच त्यांनी माझा हात धरला. "जसा न्हेतीस तसा परत आण गं त्येला." मी हसून हो म्हटलं. हो म्हणजे हो. मी शब्द सहसा देत नाही, दिला तर मोडत नाही.

माझ्या आईनेही मऊ पडून मागावरचा लाल रेशमाचा धागा पाठवला होता. तो साईराजच्या मनगटाला बांधला, आमची गाठ मारून. ही विणकरांची गाठ इतकी चपटी असते की वरून बोट फिरवलं तरी लागत नाही. मागावर धागा तुटला की तीच मारायची, नाहीतर कापडात दिसते. साईराज वर्षभर शिकतोय, पण त्याची गाठ अजून वाटाण्याएवढीच होते.

ही वही कडोलीच्या साहित्य संमेलनात बक्षीस मिळालेली. आजवर कोरी होती, आता भरून टाकते.

२१ डिसेंबर, पहिला मुक्काम

वाट दाखवायला मष्णू आप्पा आलेत. साठी उलटलेले, डोक्याला मफलर, पायात प्लास्टिकची चप्पल, आणि आम्ही दोघे भारी बूटवाले त्यांच्या मागे धापा टाकतोय. तीन दिवस सोबत करतील, मग वाट सोपी आहे म्हणाले.

गावाबाहेर एका जुन्या झाडाखाली गुळगुळीत दगड ओळीने मांडलेले आहेत, प्रत्येक आपापल्या खळग्यात. तिथे आप्पा थांबले आणि त्यांनी आम्हाला बोटाने मोजलं. "तिघांनी रान चढायचं न्हाय." मग ओळीतला मुठीएवढा एक दगड उचलून साईराजच्या हातात दिला. हा चौथा. आप्पा परत येताना तो त्याच्या खळग्यात ठेवणार, की मोजणी संपली.

हे मला नवीन नाही. आमच्याकडे तिघे मुलगी बघायला निघाले तर चौथी म्हणून खिशात सुपारी ठेवतात. मी म्हटलं, चौथा लई गुणाचा आहे, खायला मागत नाही आणि पाय दुखले म्हणून रडत नाही. साईराज हसला. आप्पा हसले नाहीत.

संध्याकाळी गारठा हाडांत शिरायला लागला. साईराजने तो दगड शेकोटीत तापवला, टॉवेलात गुंडाळला आणि छातीशी धरून बसला. आप्पांनी बघितलं आणि मफलर घट्ट केला.

२२ डिसेंबर

आप्पा मध्येच परतले. एका वाडीत त्यांच्या फोनला रेंज आली आणि लेकीला कळा सुरू झाल्याचा निरोप मिळाला. जायलाच हवं होतं. पुढची वाट ठळक आहे, झाडांवर पिवळे पट्टे मारलेत, दोन दिवस वाडी लागणार नाही एवढंच.

निघताना त्यांनी दगड मागितला. आता तुम्ही दोघं आणि हा, म्हणजे तिघं झालात, म्हणाले. एकदा माणसात मोजलेल्याला परत दगड म्हणता येत नाही, आणि तिघांत एकजण जास्तीचा होतोच. "द्या ताई, मी ठेवतो जाग्यावर."

साईराज द्यायला निघाला होता. मीच आडवी आले. वर्षभर जो तो आम्हाला सांगतोय की दोघांचं काही खरं नाही, त्यात आता दगडाची भर! मी म्हटलं, आप्पा, आम्ही दोघं आहोत आणि दोघं पुरेसे आहोत. दगड याच्या छातीला शेक द्यायला राहू दे. आप्पा लेकीच्या ओढीने उतरून गेले.

२३ डिसेंबर

सकाळी कडक ऊन, अकराला धुकं, दोनला धो धो पाऊस. डिसेंबरात! लाकडं भिजली, शेकोटी पेटली नाही. स्टोव्हवर कसाबसा चहा केला. साईराजने तीन कपांत ओतला. तिसरा कुणाला, विचारलं, तर त्याने तो परत भांड्यात ओतला. चुकलं म्हणाला.

दगड मात्र अजून गरम आहे. कालपासून आगीजवळ गेलेला नाही. अंगाची ऊब लागली असेल, असं मी म्हटलं. पण साईराजचे हात गार होते.

२४ डिसेंबर

धुकं हटतच नाही. सकाळपासून जेमतेम दोन मैल सरकलो. साईराजला ताप नाही, खोकला नाही, छाती स्वच्छ वाजते. पण हात बर्फ झालेत, ओठ निळे. दोन स्वेटर, माझी शाल, कशाने फरक पडत नाही. आणि तो दगड इतका तापलाय की सॅकचा ओला कप्पा वाळून कडक झाला.

मला भीती वाटली. लिहायला लाज कसली, वाटली. आणि भीती वाटली की मला राग येतो. दगड काढला आणि दरीत भिरकावला. खाली आपटल्याचा आवाज माझ्या कानांनी ऐकला.

दुपारी तंबू ठोकताना माझ्या कपड्यांच्या घडीत सापडला. कपडे कोरडे. इस्त्री केल्यासारखे.

ठीक आहे. आप्पांचं ऐकायला हवं होतं, चूक माझी. पण चूक माझी, तर फेडीनही मीच. उद्या मागे फिरायचं. कणकुंबीला, त्या झाडाखाली, त्याच्या खळग्यात. हा नवरा मी दोन घरांशी भांडून मिळवलाय. दगडाला द्यायला नाही.

२५ डिसेंबर

वर्ष झालं आज. साईराजला सांगितलं. त्याने मान हलवली. बोलत नाही. त्याचा हात धरून चालवतेय. माझ्याही बोटांना मुंग्या येतात पण सोडत नाही.

धुक्यात पावलं ऐकू येतात. माझी, त्याची, आणि—

नाही. मी दोनच मोजणार.

२६ डिसेंबर

गारा पडल्या. वाडी मागे गेली की चुकली, कळलं नाही. फोन बंद. पिवळे पट्टे दिसताहेत तोवर चालायचं.

दुपारी साईराज बसला. उठेना. पाठीला पाठ लावून उठवला. जड झालाय. दगड हलका झालाय.

ऐक रे, जो कोण आहेस तो. उद्या तुला तुझ्या जागी पोचवते. तोवर याला हात लावायचा नाही.

२७ डिसेंबर, झाडाखाली

सकाळी त्याचे हात गरम होते! मी रडले, त्याच्या गळ्यात पडले. ओठ लाल. स्वतःच्या पायांनी चालत आला, माझ्या पुढे. झाड दिसलं. खळगा तसाच, रिकामा.

तो म्हणतोय, ठेव आता दगड. घरी जाऊ.

सॅकमधून काढला. गार. बर्फासारखा. साईराजचे ओठ निळे पडले होते ना, तसाच रंग. आणि त्याच्याभोवती बारीक खाच, खाचेत लाल रेशीम. मी बोट फिरवलं. गाठ बोटाला लागली नाही, म्हणजे माझीच.

त्याच्याही मनगटाला लाल धागा आहे. त्यावरची गाठ वाटाण्याएवढी.

तो खळग्याशी उभा आहे. छान हसतोय. ठेव गं रचना, म्हणतोय. परत म्हणतोय. तिसऱ्यांदा.

नाही ठेवणार.

दगड स्वेटरच्या आत घेतलाय, छातीशी. गारवा बरगड्यांत उतरतोय. उतरू दे. माझ्याकडे ऊब आहे, लागेल तेवढी घे रे साईराज. आत काहीतरी हलतंय. ठोका आहे. हळू, पण आहे—

डाव्या हाताने दगड धरलाय, तो सोडत नाही, उजव्याने लिहितेय. लिहिलेलं राहायला हवं. घरी जो येईल त्याची गाठ बघा—

गावातला कोंबडा ऐकू येतोय. दोनशे पावलं असतील. तो वाटेत येऊन उभा राहिलाय. येऊ दे. मी त्याच्या अंगावरून जाईन.

सासूबाई, मी निघाले आहे. आणतेय त्याला. जसा नेला तसा—