छबूबाईचा आवाज आणि एकतीस दांड्यांची पेटी

मी, राधाकिशन बन्सीधर सोळंके, वय ६८, धंदा लाऊडस्पीकर व रेकॉर्डिंग, राहणार गंगाखेड, जि. परभणी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, अक्कलहुशारीने व नशापाणी न करता लिहून ठेवतो. डाव्या कानाने कमी ऐकू येते; तो दोष अकलेत धरू नये.

१. राहते घर पत्नी सौ. छबूबाई हिचे. ती हयात असेतो कोणी वाटणीचा शब्द काढू नये.

२. कर्णे, ॲम्प्लिफायर व जनरेटर मुलगा चि. परमेश्वर यास. एका वरातीत त्याने समोरच्या घराचे पोपडे पाडले आणि वर मलाच म्हणाला, "पप्पा, बेस आजून बाकी हाय!" पोपडे पाडायला एवढे सामान पुरे.

३. इक्वलायझर, म्हणजे आवाजातला जाडपणा-बारीकपणा कमीजास्त करणारी एकतीस दांड्यांची पेटी, मुलगी सौ. ज्ञानेश्वरी हिला. एक दांडी वर ढकलण्याआधी दुसरी कोणती खाली आणता येईल, हे ती बघते. आमच्या घरात असे दुसरे कोणी नाही, मी धरून.

४. धाकटा भाऊ दत्तराव यास काही नाही. त्याचा चिरका आवाज मी याच पेटीवर भारदस्त करून प्रचाराच्या रिक्षांवर फिरवला. तो निवडून आला. सत्काराला माईक दुसऱ्याचा होता. त्याने पहिले वाक्य म्हणताच मागून कोणी ओरडले, "आरं, मेंबरला बोलवा की!" त्यात माझा दोष काय? पण तेव्हापासून अबोला आहे, तो त्यालाच ठेवू द्यावा.

५. छबूबाईचा आवाज मूळचा भरड, या बांधावरून त्या बांधाला सहज जाणारा. अकरा वर्षांपूर्वी घंटागाडीसाठी तो मी रेकॉर्ड केला. बाईचा आवाज गोड पाहिजे म्हणून जाड आवाजाच्या दांड्या तळाला नेल्या, बारीक आवाजाच्या वर चढवल्या. आठवड्याने तिने विचारले, "गाडीवरली ती बाई कोन हाय? लय लाडात बोलायलीय." "तूच की," म्हटले, तर पटेना. आठ दिवस ताट वाढून पाठ फिरवायची. पुढे पटले, तेव्हा आणखीच गप्प झाली. ही गंमत मी टपरीवर शंभरदा सांगितली. ती गंमत नव्हती. मी चुकलो.

सबब, माझ्या निधनाची खबर देत रिक्षा गावातून फिरेल तेव्हा तीवर छबूबाईचाच आवाज असावा, दांड्या मधोमध, काही न वाढवता, न कापता. ऐनवेळी धांदल नको म्हणून परवा दुपारी तिला माईकपुढे बसवले. ती बोलली, "राधाकिशन सोळंके यांचे दुःखद निधन झाले आहे." हेडफोनात तीच घंटागाडीवरची बाई! मी पेटी दोनदा तपासली.

ज्ञानेश्वरी म्हणाली, "पप्पा, पेटीत काई न्हाई. आईच तसं बोलायलीय."

मी म्हटले, "छबू, तुझ्या आवाजात बोल."

"माझ्या म्हंजी कोंत्या?" तिने विचारले.

म्हणून हे कलम अपुरे आहे. ते पुरे होईपर्यंत मी मरणार नाही, असे लिहा म्हटले, तर वकील म्हणतात, अशी तरतूद नाही. मी लिहिले आहे.

लिहून देणार : राधाकिशन बन्सीधर सोळंके (सही)
गंगाखेड, दि. ९ जानेवारी २०२६

साक्षीदार :
१. ओमप्रकाश जाधव, रिक्षावाले. निधनाची फेरी यांचीच (सही)
२. मालनबाई गुट्टे, राणीसावरगाव, छबूबाईची माहेरची मैत्रीण. तो मूळचा आवाज हिच्या ध्यानात आहे (अंगठा)