प्रचार झाल्यावर दाखवू

३ डिसेंबर
आले एकदाची सासरी! कड्याजवळचं गाव, दारात दोन जीप, मागच्या अंगणात धान्याची खोली. सासूबाईंना इथं आत्याबाई म्हणायचं. दोनदा सरपंच होत्या, आता जिल्हा परिषदेला उभ्या आहेत. एवढी मोठी बाई, पण माझी दृष्ट स्वतः काढली, पहिला घास भरवला. आई म्हणाली तसं नशीबच काढलं मी.

८ डिसेंबर
आत्याबाईंनी आज तिसऱ्यांदा दृष्ट काढली आणि विचारलं, तू कुणाची गं? मला हसू आलं. मग त्यांचे डोळे पाहिले. त्या घाबरलेल्या होत्या.

११ डिसेंबर
सरकारी दवाखान्याची आशाताई, संगीता, साठीपुढच्या माणसांची स्मरणाची तपासणी करत आली होती. तीन शब्द सांगायचे, थोड्या वेळानं परत विचारायचे. लवकर कळलं तर उपचार वेळेत होतात, माणसाला जपता येतं, म्हणाली. सासऱ्यांनी तिला दारातूनच कटवलं. "आमच्या घरात येडं कुणी न्हाई." बातमी फुटली तर मतं जातील ना! माझे नवरोजी अंगद म्हणाले, प्रचार झाल्यावर दाखवू. तोवर आईचा फोटो जीपवर फिरणार आणि आई घरात.

१४ डिसेंबर
चोर येतील म्हणून त्या दिसेल त्या दाराला कुलूप लावतात. किल्ली कुठं ठेवली ते आठवत नाही. मी अंगदला बजावलं, उद्या दवाखान्यात नेलं नाही तर मी माहेरी जाईन. कडाक्याचं भांडण झालं. रडू आवरेना.

१५, दुपार
पुरुषमाणसं, गडी, सगळे तीन दिवस प्रचाराला गेले. फोन अंगणात ठेवून मी निवांत लिहायला धान्याच्या खोलीत आले — बाहेरून कुलूप लागलं. हाका मारल्या. आत्याबाई आल्या. "कोण हाय आत?" किल्ली आणते म्हणाल्या. आल्या नाहीत.

१५, संध्याकाळ
परत आल्या. "कोण हाय आत?" तोच मायेचा आवाज. किल्ली आणायला गेल्या. ही सहावी वेळ.

१६
पाणी नाही. घसा बसला. फुसफुस फक्त —

१७
अंगणात माझा फोन वाजला. त्यांनी उचलला. अंगद! मी दार बडवतेय, हातात जोर नाही — त्या खणखणीत सांगताहेत, "अंगद, सून माहेराला गेली. रागात फोन बी हितंच टाकून गेली."

फोन ठेवला. त्याला पटलं. पटणारच. आईला काही झालेलं नाही, असं त्यानंच तर गावभर —